कार्डांच्या अदलाबदलीत भाव माहीत असलेल्याने तो आधी सांगावा का?

एडिसनकर

ज्याला कार्डाचा भाव माहीत आहे त्याने हात मिळवायच्या आधी तो समोरच्याला सांगावा, असं माझं ठाम मत आहे. समोर पोरगं असेल तर सांगायलाच हवा. मोठा माणूस असेल तरीही सांगावा. आमच्या न्यू जर्सीतल्या कार्डवाल्यांमध्ये यावरून सरळ दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

ज्यांचा या छंदाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेसबॉल कार्ड म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचांचा पुठ्ठा, पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे. ब्रुकलिनमध्ये सुरू झालेल्या टॉप्स कंपनीने १९५२ मध्ये पहिला मोठा संच काढला आणि तेव्हापासून दरवर्षी काढते आहे. पाकीट बंद असतं, आत कोण निघेल ते नशीब. १९८२ ते १९९२ या काळात टॉप्सचा मुख्य संच ७९२ कार्डांचा असायचा. नुसती पाकिटं फोडून तो पुरा होणं जवळपास अशक्य. एकाच खेळाडूची चार-चार कार्डं हातात यायची आणि हवा तो नेमका गायब. म्हणून अदलाबदल हा या छंदाचा कणा. आपल्याकडे च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची, ती ज्यांनी जमवलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे मात्र पुढे त्यात पैसा शिरला. १९८४ मध्ये बेकेटचं कार्डांचे भाव छापणारं मासिक आलं, आणि आज ईबेवर झालेले सौदे फोनवर मिनिटभरात दिसतात.

आता प्रसंग. कार्डवाल्यांच्या गेल्या बैठकीत शेजारच्या टेबलावर दहाएक वर्षांचा मुलगा नऊ खिशांच्या पानांचं बाइंडर उघडून बसला होता. एका पानावर किरकोळ कार्डांच्या मधोमध २०११ च्या टॉप्स अपडेट संचातलं माइक ट्राउट या नामवंत खेळाडूचं कार्ड, मागे क्रमांक यूएस१७५. हे ट्राउटचं रूकी कार्ड, म्हणजे पदार्पणाच्या काळातलं. दिसायला अगदी साधं, पांढरी कड, चकाकी नाही. चांगल्या अवस्थेत असेल तर शेकडो डॉलरांना जातं. समोरच्या गृहस्थांनी ते बरोबर हेरलं. हेरून दोन पानं पुढे गेले, तिथली दोन-चार कार्डं निरखल्यासारखी केली, आणि मग 'हेही चालेल' अशा थाटात मागे आले. बदल्यात तीन चकचकीत कार्डं दिली, नुकत्याच ड्राफ्ट झालेल्या, म्हणजे व्यावसायिक संघांनी नव्याने निवडलेल्या पोरांची, कोपऱ्यात सोनेरी अनुक्रमांक छापलेली. तिन्हींचे मिळून वीस डॉलरही आले नसते. मुलगा खूश होऊन उठला.

मी त्या गृहस्थांना नंतर विचारलं. ते म्हणाले, 'त्याला हवं होतं ते त्याने घेतलं, मला हवं होतं ते मी घेतलं.' मला खटकतं ते दोन पानं पुढे जाऊन परत येणं. व्यवहार सरळ आहे असं त्यांना वाटत असतं तर ट्राउट आवडलाय हे लपवायची गरज काय होती?

जुना_गडी

साफ असहमत. त्या गृहस्थांची बाजू घेत नाही. पोराशी असं वागायला नको होतं. पण तुम्ही त्यावरून जो नियम काढताय, मोठ्यांनाही भाव सांगा, तो मला मान्य नाही.

क्लीव्हलंडला शिकायला आलो तेव्हा खिशात पैसे नव्हते. शनिवारी प्रदर्शनात जाऊन डॉलरच्या खोक्यांपुढे उभा राहायचो. हजारेक कार्डं, कुठलंही उचला, एक डॉलर. १९९३ च्या टॉप्स फायनेस्टमध्ये रिफ्रॅक्टर नावाची कार्डं पहिल्यांदा आली. साध्या फायनेस्टशेजारी ठेवलं तर फरक चटकन कळत नाही. कार्ड दिव्याखाली हलकं तिरकं करायचं, इंद्रधनुष्यासारखा पट्टा सरकला तर रिफ्रॅक्टर. साधं कार्ड सेंटांत, रिफ्रॅक्टरला कितीतरी पट. हे डोळ्याला कळायला वर्षं जातात. खोक्यात तसं एक सापडलं तर मी विक्रेत्याला 'अहो, हे महाग आहे' असं सांगायचं का? कुणीच सांगत नाही, आणि त्याला चोरी म्हणणाराही मला भेटलेला नाही. मग तेच ज्ञान टेबलावर अदलाबदलीत वापरलं की पाप कसं होतं?

दुसरं असं की भाव म्हणजे आजचा भाव. ब्रायन टेलर आठवतो का? १९९१ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाने अगदी पहिला निवडलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. पुढच्या वर्षी टॉप्समध्ये त्याचं कार्ड आलं आणि लोक त्यासाठी नावाजलेल्या खेळाडूंची कार्डं देऊन मोकळे झाले. १९९३ च्या डिसेंबरात मारामारीत त्याचा खांदा गेला, मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, तो एकदाही खेळला नाही. त्या काळात कुणी 'भाव सांगून' ते कार्ड तुमच्या गळ्यात मारलं असतं तर तो तुमच्या नियमात बसणारा सज्जन ठरला असता.

दोन_पोरांची_आई

माझ्या घरात दोन संग्राहक आहेत, एक आठ वर्षांचा आणि एक बारा. एडिसनकर, तुमचा संताप रास्त आहे, उपाय मात्र पटत नाही.

मुलांना भाव सांगितला की ती खेळाडू बघत नाहीत. थोरला पाकीट फोडतो आणि कार्ड नीट पाहायच्या आत फोन मागतो. बेसबॉलपटू ओहतानीने एका मोसमात पन्नास होमरन आणि पन्नास चोरलेले बेस कसे केले यावर तो पूर्वी तासभर बोलायचा. आता पहिला प्रश्न, केवढ्याचं आहे. धाकटा अजून शाळेतल्या मित्रांशी 'तुझा लाल टोपीवाला दे, माझा निळा घे' असे ट्रेड करतो. त्यातले बरेच भावाने बघाल तर तोट्याचे आहेत. मी मधे पडत नाही, कारण समोरचाही आठ वर्षांचाच असतो आणि दोघांनाही सारखंच ठाऊक असतं.

मोठ्या माणसाने लहान मुलाशी ट्रेड करायचा असेल तर पालक टेबलाशी हवेत, एवढा एकच नियम पुरे. ट्रेड नाइट, म्हणजे अदलाबदलीच्या संध्याकाळी, मोठ्या गर्दीच्या असतात, पालक बाहेर गाडीत बसून राहतात आणि पोरगं आत एकटं. तिथे भाव सांगण्याची सक्ती केली तरी सांगणारा खरं सांगेल याची खात्री कोण देणार?

लेकशोर

शिकागोजवळ १९९० मध्ये घडलेलं एक प्रकरण इथे सांगायला हवं. अमेरिकेत करारकायदा शिकणाऱ्यांच्या वर्गांतही त्यावर वाद घातला जातो.

कार्डांच्या दुकानात नोलन रायन या नामवंत पिचरचं १९६८ चं रूकी कार्ड होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं १२००, पुढे एक तिरकी रेघ. काउंटरवर त्या दिवशी कार्डांतलं काही न कळणारी मदतनीस. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने कार्ड मागितलं, तिने चिठ्ठी बारा डॉलर अशी वाचली आणि देऊन टाकलं. मालकाने परत मागितलं, मुलाच्या घरचे देईनात, प्रकरण कोर्टात गेलं. सुनावणीच्या वेळी कळलं की मुलाने ते कार्ड आधीच दुसऱ्या कार्डांच्या बदल्यात देऊन टाकलंय. शेवटी तडजोड झाली, कार्डाचा धर्मादाय कामासाठी लिलाव करायचं ठरलं आणि कोण बरोबर हे न्यायाधीशांना सांगावंच लागलं नाही.

आता बघा, इथे जाणकार कोण होतं? पोरगं. त्याच्याकडे स्वतःची हजारो कार्डं होती, रायनचं रूकी म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक असणार. अडाणी होती ती मोठी बाई. एडिसनकरांचा नियम लावला तर त्या मुलाने 'बाई, हे बाराशेचं आहे' असं सांगायला हवं होतं. मला स्वतःला वाटतं, हवंच होतं. पण मुलांच्या भोळेपणावर आधारलेला युक्तिवाद इथे चालत नाही. वय बाजूला ठेवून नियम टिकतो का, ते सांगा.

एडिसनकर

@लेकशोर, टिकतो. म्हणूनच मी सुरुवातीला मोठ्यांचाही उल्लेख केला.

@जुना_गडी, डॉलरच्या खोक्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे भाव विक्रेत्याने लावलाय. खोकं न चाळता ठेवलं की त्यातून काही निसटेल हे त्याला माहीत असतं, गिऱ्हाईक त्याच आशेने येतं हेही माहीत असतं, आणि धंदा म्हणून त्याने तो हिशेब केलेला असतो. अदलाबदलीत भाव कुणी लावलेला नसतो. दोघं समोरासमोर बसून 'हे बरोबरीचं आहे ना?' असं एकमेकांना विचारतात. अनेकदा अगदी याच शब्दांत. त्या प्रश्नाला 'हो' म्हणताना तुम्हाला आतून ठाऊक असेल की बरोबरीचं नाही, तर ते खोटं बोलणंच झालं. विक्रेता तुम्हाला तो प्रश्न विचारत नाही.

ब्रायन टेलरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. उद्या काय होईल ते दोघांनाही सारखंच अंधारात. आजचं मात्र एकालाच दिसतंय, आणि मी फक्त आजचं बोलतोय.

हिशेबनीस

पेशाने करसल्लागार आहे, त्यामुळे एक रुक्ष मुद्दा मांडतो. भाव काढायचाच नाही असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

अमेरिकेत २०१७ पर्यंत, गुंतवणूक म्हणून ठेवलेल्या वस्तूच्या बदल्यात त्याच जातीची वस्तू घेतली तर कर पुढे ढकलता येतो असा दावा करायला वाव होता. २०१८ पासून ती सवलत फक्त स्थावर मालमत्तेला उरली. म्हणजे आज मी पन्नास डॉलरला घेतलेलं कार्ड पाच हजारांच्या कार्डाच्या बदल्यात दिलं, तर कायद्याच्या नजरेत मी ते पाच हजारांना विकलं. संग्रहाच्या वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्याला कमाल दर २८ टक्के. शाळेतल्या पोरांच्या ट्रेडला हे कोण लावतंय? पण स्लॅबमधली, म्हणजे दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली, मोठी कार्डं हलवणाऱ्यांना भाव टाळून चालत नाही.

आता भाव सांगायचा म्हणजे कुठला? मागितलेला भाव कुणी धरू नये, झालेले सौदे धरावेत, आणि तेही एकच नव्हे. त्याच ट्राउटचा सुटा भाव वेगळा, पीएसए या कार्डांना दर्जा देणाऱ्या कंपनीकडून सर्वोच्च १० असं ग्रेड होऊन प्लास्टिकच्या डबीत बसलं की अनेक पट, पीएसए ८ आलं तर त्यातला बराच जीव गेला. ईबेवर विकलं तर सुमारे १३ टक्के तिथेच कापले जातात. त्यामुळे 'शेकडो डॉलर' हे अर्धवट उत्तर झालं. मी टेबलावर बसतो तेव्हा शेवटचे काही सौदे स्क्रीनवर उघडून फोन मधे ठेवतो, दोघांनी वाचावं. सांगण्यापेक्षा दाखवणं बरं, कारण दाखवताना शब्द फिरवता येत नाहीत.

पिवळा_बाइंडर

मी संच पुरे करणारी. गुंतवणूक नाही, स्लॅब नाही. इतका वेळ सगळे भावाबद्दल बोलताय आणि एकानेही 'मला काय हवंय' हा शब्द काढला नाही, याचं वाईट वाटलं.

मी १९८७ चा टॉप्स पुरा करतेय, लाकडी कड असलेला. माझ्याकडे नसलेल्या क्रमांकांची यादी आहे, टेक्ससमधल्या एका बाईंकडे तिची यादी आहे. मी तिच्या यादीतली चाळीस पाठवते, ती माझ्या यादीतली चाळीस. त्या वर्षांत कार्डं इतकी प्रचंड छापली गेली की बहुतेकांना आज कवडीची किंमत नाही. टपालखर्च कार्डांपेक्षा जास्त होतो. तरी पाकीट आलं की मी हातातलं काम टाकून ते उघडते. प्रत्येक कार्ड पेनी स्लीव्ह नावाच्या पातळ प्लास्टिक पिशवीत, जी जपायची ती वर टॉप-लोडर नावाच्या कडक प्लास्टिक कव्हरात, आणि टॉप-लोडरच्या तोंडावर रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी, तिचं एक टोक दुमडून ठेवलेलं म्हणजे नखाने ओरबाडावं लागत नाही. साधी चिकटपट्टी लावली तर डिंक राहतो आणि काढताना कार्ड हिसकलं जातं. ते दुमडलेलं टोक पाहिलं की समोरचा माणूस कसा आहे ते मला कळतं.

टपालाने करणाऱ्यांचा जुना रिवाज आहे, जो नवा किंवा ज्याच्या मागे कमी व्यवहार आहेत त्याने आधी पाठवायचं. तिथे विश्वास हेच भांडवल. जेफरसन बर्डिक हा सिराक्यूजचा माणूस, संधिवाताने हात वाकडे झालेले, आयुष्यभर कार्डं जमवली आणि सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. त्यात बेसबॉलची तीस हजारांहून जास्त. आजही लोक एका जुन्या संचाला टी२०६ म्हणतात, तो क्रमांक त्याच्या कॅटलॉगमधला. त्याने भावाकडे बघून जमवलं असतं तर विकलं नसतं का?

जुना_गडी

@पिवळा_बाइंडर, बर्डिकबद्दल मलाही आदर आहे, पण त्याच्या कॅटलॉगमध्ये भाव होते. टी२०६ मधल्या होनस वॅग्नर या खेळाडूच्या कार्डाला १९३० च्या दशकातच त्याने ५० डॉलर लावले होते, त्या काळी ही रक्कम थोडीथोडकी नव्हे. भाव छापणं आणि संग्रह दान करणं दोन्ही एकाच माणसाने केलं. चाळीसला चाळीस हा तुमचा व्यवहार सुंदर आहे, पण तो चालतो कारण दोन्हीकडे किंमत जवळपास शून्य आहे. यादीत एक ट्राउट घुसला की तो मोडेल.

@एडिसनकर, आता मुद्द्यावर. मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. कार्डात काय खोट आहे हे सांगणं माझं कर्तव्य, विचारलं नाही तरी. कड कापलेली असेल, रंग भरला असेल, सुरकुती दाबून काढली असेल, तर गप्प राहणं म्हणजे फसवणूक. वॅग्नरच्याच एका कार्डाचं बघा. पीएसएने अगदी सुरुवातीला ग्रेड केलेलं हे कार्ड आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरला घेतलं, २००७ मध्ये ते २८ लाखांना गेलं. आणि २०१३ मध्ये कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मॅस्ट्रोने कोर्टात कबूल केलं की त्याच्या कडा त्याने कापल्या होत्या. ती खोट फक्त त्यालाच माहीत होती, खरेदीदाराला कुठल्याही मार्गाने कळणं शक्य नव्हतं. तिथे सांगणं बंधनकारक हवंच.

भाव तसा नाही. तो सगळ्यांच्या खिशात आहे. मोठा माणूस फोन काढत नसेल तर तो त्याचा निर्णय. त्याचा अभ्यास मी का करून द्यायचा?

दोन_पोरांची_आई

जुना_गडी, 'सगळ्यांच्या खिशात' म्हणताय, पण कुठलं कार्ड शोधायचं हेच ज्याला माहीत नाही तो काय टाइप करणार? रिफ्रॅक्टर ओळखायला वर्षं लागतात असं तुम्हीच वर लिहिलंय. यूएस१७५ मध्येसुद्धा साधं आणि सोनेरी कडेचं वेगळं, सोनेरी २०११ प्रतीच छापलेलं. मी दोन मुलांमुळे एवढं शिकले, तरी मला अजून हिशेबनीस म्हणतात तसे नेमके सौदे शोधता येत नाहीत.

लेकशोर

आईंना +१.

एडिसनकर

ताईंनी माझं काम केलं.

उघडपणे व्यवहार कसा होतो याचं ताजं उदाहरण पिट्सबर्ग पायरेट्सच्या पिचर पॉल स्कीन्सचं. २०२४ च्या टॉप्स क्रोम अपडेटमध्ये त्याच्या पहिल्या सामन्यातल्या जर्सीवरचा बिल्ला बसवलेलं, जगात एकच असलेलं कार्ड. नाताळच्या दिवशी लॉस एंजलिसकडच्या अकरा वर्षांच्या मुलाला ते सापडलं. पायरेट्स संघाने जाहीरपणे देऊ केलं: होम प्लेटमागची दोन मोसमी तिकिटं, तीस वर्षांसाठी, शिवाय सह्या केलेल्या जर्सी वगैरे. मुलाच्या घरच्यांनी नकार दिला आणि कार्ड लिलावात टाकलं. मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख डॉलरच्या वर गेलं. कुणी म्हणेल तिकिटं घ्यायला हवी होती, कुणी म्हणेल बरं केलं. पण पायरेट्सना कार्ड किती हवंय हे पोराला माहीत होतं, बदल्यात काय मिळतंय तेही माहीत होतं, आणि घरात बसून विचार करायला वेळ मिळाला. माझ्या शेजारच्या टेबलावर यातलं काहीच नव्हतं.

जुना_गडी, एक थेट विचारतो. सत्तरीच्या बाई नवऱ्याच्या माघारी त्याचं खोकं घेऊन तुमच्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, नातवाला आजच्या खेळाडूंची कार्डं हवीत, यातली काय हवी ती घ्या. आत एक १९५२ च्या टॉप्समधलं मिकी मॅन्टलचं अतिशय महाग कार्ड आहे. तुम्ही सांगणार की नाही?

जुना_गडी

सांगणार. लगेच सांगणार, आणि त्यांना लिलावघराचा पत्ताही देईन. पण कारण तुमचं नव्हे. त्या बाई संग्राहक नाहीत, त्या खेळात उतरलेल्याच नाहीत. तेच दहा वर्षांच्या मुलाबद्दल, म्हणून पहिल्या ओळीतच म्हटलं की त्या गृहस्थांनी तसं वागायला नको होतं.

वीस वर्षं टेबल लावणारा माणूस मात्र माझ्यासमोर बाइंडर उघडून बसला आणि स्वतःच्याच १९९३ च्या फायनेस्टकडे दिव्याखाली धरून त्याने कधी पाहिलं नसेल, तर मी त्याला एक शब्द सांगणार नाही. 'बरोबरीचं आहे ना' असं त्याने विचारलं तर 'मला चालतंय' एवढंच म्हणेन, ते खरं आहे. तुम्हाला ते लबाडीचं वाटेल, मला वाटत नाही, आणि यावर आपलं जमेल असं दिसत नाही.

एडिसनकर

नाही जमणार. वीस वर्षांत त्याला आणखी कुणीकुणी 'मला चालतंय' म्हटलं असेल, आणि त्याला त्यातलं एकही कळलं नसेल, एवढंच माझ्या डोक्यात येतंय. पालक टेबलाशी हवेत, आणि झालेले सौदे उघडून फोन मधे ठेवायचा, हे दोन्ही नियम पुढच्या बैठकीत मी मांडतोय. विरोध करायला तुम्ही क्लीव्हलंडहून आलात तरी स्वागत आहे.

पिवळा_बाइंडर

फोन मधे ठेवणारं एक टेबल करा, आणि फक्त याद्या ठेवायचं दुसरं. मी दुसऱ्यावर बसेन. १९८७ चे ७० क्रमांक अजून बाकी आहेत.